विश्लेषण : अळ्या पाळून पतंगांची नाती लावणारे थॉमस बेल कोण होते?

डोंबिवलीतील एखाद्या सोसायटीच्या आवारात तगरीवर किंवा कण्हेरीवर बोटाएवढी जाड, हिरवी अळी दिसते. शेपटीकडे छोटे शिंग, डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके. विषारी समजून ती बहुतेकदा चिरडली जाते. प्रत्यक्षात ती निरुपद्रवी असते आणि तिचा पुढे ओलिअँडर हॉक मॉथ हा देखणा हिरवा पतंग होतो. भारतातील हॉक मॉथच्या अळ्या आणि कोष यांची तपशीलवार नोंद झाली, त्याचे मोठे श्रेय कारवारच्या एका वनाधिकाऱ्याकडे जाते.

बेल कारवारला काय करत होते?

थॉमस रीड डेव्हिस बेल यांचा जन्म १८६३ मध्ये आयर्लंडमधील बँडनचा. भारतात ते मुंबई इलाख्याच्या वन खात्यात दाखल झाले. कारवार तेव्हा याच इलाख्यात होते. तिथे त्यांना दोन जोडीदार भेटले. एक जिल्हाधिकारी जेम्स डेव्हिडसन, दुसरे मीठ खात्यातील एडवर्ड एटकन. साताऱ्यात जन्मलेले एटकन हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. नोकरी सांभाळून तिघेही अळ्या गोळा करत, त्यांना पाला घालत आणि कोषातून काय बाहेर पडते याची वाट पाहत. उत्तर कानडातील फुलपाखरांवरची त्यांची लेखमाला १८९०च्या दशकात सोसायटीच्या नियतकालिकात आली. एटकन १९०९ मध्ये गेले. बेल यांनी हा उद्योग सोडला नाही.

अळी आणि कोष कशासाठी?

त्या काळी वर्गीकरण मुख्यतः टाचणीला टोचलेल्या मृत पतंगांवरून होई. जॉर्ज हॅम्पसन यांच्या १८९२ पासूनच्या ग्रंथांत पंखांच्या शिरांवर भर होता. पण पंख म्हणजे पतंगाच्या आयुष्याचा शेवटचा अंक. आधीच्या अंकांत वेगळेच काही दिसते. एकाच मादीच्या अंड्यांतून हिरव्या आणि तपकिरी अशा दोन्ही रंगांच्या अळ्या निघू शकतात. पाळल्याशिवाय त्या सख्ख्या आहेत हे कळणार कसे?

कोषाचेही तसेच. रताळ्याच्या वेलावर वाढणाऱ्या हॉक मॉथच्या कोषावर सोंडेची खोळ सुरईच्या कानासारखी सुटी वळलेली असते. ओलिअँडर हॉक मॉथच्या कोषात ती अंगालाच चिकटलेली. हे दोघे वेगळ्या उपकुळांतले. पण या एका खुणेवर विसंबले, तर फसगत होते. पाठीवर कवटीचे चित्र असलेला, पोळ्यांतला मध चोरणारा पतंग रताळ्यावरच्या पतंगाचा जवळचा नातलग; तरी सोंड आखूड असल्याने त्याच्या कोषावर तो ‘कान’ नसतो. म्हणून अळी, कोष आणि पतंग तिन्ही एकत्र पाहावे लागतात.

डीएनएने काय बदलले?

मेजर एफ. बी. स्कॉट यांच्यासह बेल यांनी लिहिलेला हॉक मॉथवरील खंड १९३७ मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेत प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. १९४८ मध्ये कारवारलाच त्यांचे निधन झाले. २००९ मध्ये पाच जनुकांच्या आधारे जगभरातील हॉक मॉथची वंशावळ नव्याने मांडली गेली आणि काही जुने गट मोडीत निघाले. मात्र अळी कोणत्या झाडाचा पाला खाते, कात टाकताना रंग कसा बदलते, कोष मातीत करते की पाचोळ्यात, हे जनुकांतून वाचता येत नाही. त्यासाठी अभ्यासक आजही तो १९३७चा खंड उघडतात.