सॉल बास
सॉल बास (८ मे १९२०, न्यू यॉर्क – २५ एप्रिल १९९६, लॉस एंजेलस) हे अमेरिकन आरेखनकार व चित्रपट-दिग्दर्शक होते. रहस्यपटांच्या श्रेयनामावलीला त्यांनी कथेचाच भाग बनविले.

त्यापूर्वी श्रेयनामावली अनेकदा चित्रपटगृहाच्या मिटलेल्या पडद्यावरच उमटत असे. 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' (१९५५) या चित्रपटाच्या रिळांच्या डब्यांवर मात्र, नावे सुरू होण्याआधी पडदा उघडावा, अशी सूचना होती.

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो'त (१९५८) स्त्रीच्या डोळ्यातून फिरती वलये बाहेर पडतात. ती जॉन व्हिटनी यांनी यंत्राच्या साहाय्याने रेखाटली होती. नायकाला उंचावर येणारी भोवळ प्रेक्षकाला कथेआधीच जाणवते. 'सायको'त (१९६०) आडव्या-उभ्या पट्ट्या नावे चिरत जातात.

'सायको'तील स्नानगृहातील हत्येच्या प्रसंगाची क्रमचित्रे बास यांनी काढली होती. पुढे तो प्रसंग आपणच दिग्दर्शित केल्याचा दावा त्यांनी केला. अभिनेत्री जॅनेट ली यांनी तो ठामपणे नाकारला. इतरांची नावे पडद्यावर कोरणाऱ्या या कलावंताला तेथे श्रेय मिळाले ते श्रेयनामावलीचे व चित्रविषयक सल्लागाराचे. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या 'केप फिअर'च्या (१९९१) श्रेयनामावलीवर मात्र त्यांच्यासह पत्नी इलेन यांचेही नाव आहे.