प्रफुल्लकुमार सेन

प्रफुल्लकुमार सेन (१९१५ – १९८२) हे भारतातील हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचे एक आद्य शल्यविशारद होते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारतातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण झाले. त्यापूर्वी मे १९६५ मध्ये याच रुग्णालयात देशातील मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला होता. त्याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही.

कारकीर्द

सेन यांचा जन्म बंगाली कुटुंबात झाला. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले केईएम हीच त्यांची कर्मभूमी ठरली. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रशिक्षण घेतले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाला रक्तपुरवठा कसा होतो हे पाहून, हृदयाच्या स्नायूला सूक्ष्म छिद्रे पाडून रक्त पोहोचवण्याची पद्धत त्यांनी १९६५ मध्ये मांडली. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला.

मूत्रपिंड प्रत्यारोपण

१९६५ च्या शस्त्रक्रियेत मृत दात्याचे मूत्रपिंड वापरले गेले. रुग्णाला मूत्रपिंडाचा कर्करोग होता. रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र तोवर शल्यचिकित्सकांच्या हाती आले होते; खरी अडचण शरीर परका अवयव नाकारते ही होती. १९५४ मध्ये बॉस्टनमध्ये यश मिळाले ते दाता व रुग्ण एकसारखे जुळे भाऊ असल्यामुळे. इतरांसाठी १९६३ च्या सुमारास ॲझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड ही जोडी पुढे आली. अवयव नाकारला जाऊ लागला की स्टेरॉइडची मोठी मात्रा देत. त्यामुळे अवयव कधी वाचे, पण रुग्ण जंतुसंसर्गाने दगावे. जगलेल्यांना मधुमेह, ठिसूळ हाडे, खुब्याच्या सांध्याची झीज, सुजलेला गोल चेहरा यांचा त्रास होई. मुलांची वाढ खुंटे. सेन यांच्या पिढीपुढे याहून चांगला पर्याय नव्हता. भारतात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला झाले.

हृदय प्रत्यारोपण

कुत्र्यांवरील प्रयोगांनंतर सेन यांच्या पथकाने १९६८ मध्ये दोन हृदय प्रत्यारोपणे केली. दोन्ही रुग्ण काही तासांतच मरण पावले. इतक्या थोड्या वेळातील मृत्यूंचा दोष सहसा अवयव नाकारण्याला देता येत नाही, हे या अपयशाविषयी लिहिताना अनेकदा विसरले जाते. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा तेव्हा देशात नव्हता. तो १९९४ मध्ये आला.

नंतरचा काळ

सेन यांचे १९८२ मध्ये निधन झाले. बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन हे औषध १९७८ पासून इंग्लंडमध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांना देऊन पाहिले जात होते. अमेरिकेत त्याला १९८३ मध्ये मान्यता मिळाली. या औषधामुळे स्टेरॉइडची मात्रा कमी ठेवणे सोपे झाले. आज टॅक्रोलिमस व मायकोफेनोलेट यांच्या आधाराने बहुतेक रुग्णांना दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आसपास प्रेडनिसोलोन पुरते. धोका कमी असलेल्या निवडक रुग्णांत ते पहिल्या आठवड्यातच थांबवतात, मात्र त्यामुळे अवयव नाकारला जाण्याची शक्यता थोडी वाढते. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया आता वर्धा जिल्ह्यात पिपरी मेघेलगतच्या सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयातही होते.