छावणीतले विनोबा

धुळ्याच्या जेलमध्ये गीता सांगणारे विनोबा आपल्याला माहीत आहेत. पण फाळणीनंतर निर्वासितांसाठी सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणारे विनोबा तुम्हाला माहीत आहेत का?

धुळ्यात राहणाऱ्यांना १९३२ सालची गोष्ट नव्याने सांगायला नको. सविनय कायदेभंगाची चळवळ जोरात होती आणि धुळ्याचं जेल सत्याग्रहींनी भरलं होतं. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे सलग अठरा रविवार विनोबा भावे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली नोकरी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी समोर बसून ते भराभर उतरवून घेत होते. त्यातून तयार झालेलं ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक पुढे देशातल्या बहुतेक भाषांत गेलं.

आपल्याकडे विनोबांची ओळख बहुतेक वेळा इथंच थांबते, किंवा थेट भूदानावर उडी मारते. मधली काही वर्षं राहून जातात. आज जगभर कितीतरी तरुण निर्वासितांसोबत काम करतायत. कुणी त्यांना नव्या देशाची भाषा शिकवतं, कुणी त्यांचे अर्ज भरून देतं, कुणी अधिकाऱ्यांपुढे त्यांची बाजू मांडतं. विनोबांनी हे काम १९४८ मध्येच केलं होतं. त्यात त्यांना मोठं अपयशही आलं.

भाषा शिकायची, कारण माणसं भेटायचीत

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कोकणातल्या गागोद्याचा. पूर्ण नाव विनायक नरहरी भावे. शिक्षण बडोद्यात झालं. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईला निघाले, मध्येच सुरतला उतरले आणि काशीला गेले. त्याच वर्षी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. डिग्रीचा विषय तिथंच संपला. शिकणं मात्र आयुष्यभर चालूच राहिलं.

त्यांचं भाषा शिकणं बघा. १९४२ च्या आंदोलनात सरकारनं त्यांना वेल्लोरच्या जेलमध्ये ठेवलं. तिथं त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा एकदम शिकायला घेतल्या. एकदम चार कशाला, असं कुणीतरी विचारलं. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की पाचवी इथं नाही म्हणून! त्याआधीच ते अरबी शिकले होते. कुराण त्यांना मुळातून वाचायचं होतं आणि त्याचे उच्चार बरोबर यावेत म्हणून त्यांनी खूप मेहनत घेतली होती.

तेव्हा हा छंद वाटला असेल. पण फाळणी झाली आणि या सगळ्याचा उपयोग कळला.

पंडितजींचं बोलावणं

फाळणीत एक कोटीहून जास्त माणसांना घरदार सोडावं लागलं. एकट्या कुरुक्षेत्रच्या छावणीत काही लाख लोक होते. आपल्या महाराष्ट्रात सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आली आणि तिथं पुढे उल्हासनगर उभं राहिलं. जळगावची सिंधी कॉलनी तर तुमच्या रोजच्या रस्त्यावरची. तिथल्या कितीतरी घरांची सुरुवात याच उलथापालथीत आहे.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर दोन महिन्यांत पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून विनोबा दिल्लीला पोचले. वय बावन्न, तब्येत किरकोळ आणि हातात कुठलंच सरकारी पद नाही. काम काय? निर्वासित आणि सरकार यांच्यातला दुवा व्हायचं. छावणीत जायचं, लोकांचं ऐकायचं, ते अधिकाऱ्यांपर्यंत पोचवायचं आणि उत्तर घेऊन परत यायचं. विनोबा स्वतः या कामाची तुलना नारदमुनींच्या फेऱ्यांशी करायचे.

काम फक्त पाकिस्तानातून आलेल्यांपुरतं नव्हतं. आजच्या हरियाणा आणि राजस्थानात पसरलेल्या मेवातमधले मेव मुसलमान आपल्याच देशात बेघर झाले होते. अलवर आणि भरतपूर संस्थानांतून त्यांना हुसकावून लावलं गेलं होतं. डिसेंबर १९४७ मध्ये गांधीजी घासेडा गावात जाऊन त्यांना भेटले होते. आता त्यांना परत आपल्या गावात, आपल्या शेतात बसवायचं होतं. विनोबांनी हे काम हाती घेतलं. अजमेरच्या दर्ग्यातही ते जाऊन राहिले, का तर घाबरलेल्या माणसांना धीर यावा. विचार करा, सगळीकडे संशय पसरलाय आणि एक मराठी ब्राह्मण माणूस समोर बसून स्वच्छ उच्चारात कुराण म्हणतोय. ऐकणाऱ्याच्या मनातली भीती थोडी तरी कमी होणारच ना!

कागदावर राहिलेली जमीन

आता अपयशाची गोष्ट. पश्चिम पंजाबातून आलेल्यांना पूर्व पंजाबात जमीन मिळत होती, पण तिकडे जितकी मागे राहिली त्या हिशेबानं. मग ज्यांच्याकडे तिकडेही जमीन नव्हती त्यांचं काय? दलित शेतमजूर पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबले होते. त्यांच्याकडे दाखवायला कागदच नव्हता. त्यामुळे मदतीच्या यादीत त्यांचं नावच येत नव्हतं.

विनोबांनी त्यांची बाजू लावून धरली. बोलणी झाली, बैठका झाल्या. शेवटी पंजाब सरकार या लोकांसाठी काही लाख एकर जमीन द्यायला तयार झालं. राजघाटावरच्या प्रार्थनेत, राजेंद्रबाबूंसमोर ही घोषणा झाली. विनोबांनी सरकारचं जाहीर अभिनंदनही केलं.

महिना-दीड महिन्यानं रामेश्वरी नेहरू त्यांच्याकडे आल्या. दलितांच्या कामात त्या आघाडीवर होत्या. बातमी अशी होती, की जमीन मिळण्याची चिन्हं नाहीत आणि लोक सत्याग्रह करायच्या तयारीत आहेत. आधीच सगळं गमावलेल्या माणसांना विनोबांनी त्या वाटेला जाऊ दिलं नाही. घोषणा मात्र कागदावरच राहिली. दिल्लीत घेतलेला निर्णय खालपर्यंत पोचेस्तोवर विरून जातो, हे त्या सहा महिन्यांत त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं होतं.

तुमच्या-माझ्यासारख्यानं इथं हात टेकले असते. विनोबांनी प्रश्न मनात ठेवला. तीन वर्षांनी, १८ एप्रिल १९५१ ला ते तेलंगणातल्या पोचमपल्लीत होते. तिथल्या दलितांनी ऐंशी एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करू, असं सांगणं सोपं होतं. पण पंजाबचा अनुभव ताजा होता. त्यांनी गावकऱ्यांनाच विचारलं, तुमच्यापैकी कुणी काही करू शकेल का? रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि शंभर एकर द्यायला तयार झाले. तिथून भूदान सुरू झालं आणि तेरा वर्षांची पदयात्रा. वेल्लोरमध्ये शिकलेली तेलुगू अशी कामाला आली. भूदानात मिळालेली बरीच जमीन पडीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, ही टीका खरी आहे. पण सुरुवात कुठून झाली, हेही विसरायला नको.

मग आपण काय करायचं?

१५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारला विनोबा गेले. धुळ्यात त्यांचे शब्द टिपणाऱ्या साने गुरुजींनीही आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं. भारतातल्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, असं ते स्वप्न. दोघांना एकच गोष्ट कळली होती. परक्या माणसाला मदत करायची तर आधी त्याचं बोलणं समजलं पाहिजे.

आपल्या देशात निर्वासितांसाठी आजही वेगळा कायदा नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सहीही नाही. त्यामुळे अशा माणसाला कुठला कागद मिळेल, मुलाला शाळेत घेतील का, हे पुष्कळदा त्याच्या बाजूनं कोण बोलतं यावर ठरतं.

खान्देशात तुम्हाला छावणी दिसणार नाही. पण परप्रांतातून कामाला आलेली कुटुंबं दिसतील, बँकेचा मराठी फॉर्म उलटासुलटा धरून उभा असलेला माणूस दिसेल. आठवड्यातून दोन तास त्यांच्या मुलांना मराठी शिकवा, त्यांच्याकडून त्यांची भाषा शिका. एखाद्याचा अर्ज भरून दिलात तर फोटो काढून मोकळे होऊ नका. महिन्यानं परत जा आणि विचारा, काम झालं का? नसेल झालं, तर त्याच्यासोबत पुन्हा त्या खिडकीपुढे उभे राहा.