अ‍ॅब्सलम जोन्स : गुलामीतून वेदीपर्यंत

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात आफ्रिकन एपिस्कोपल चर्च ऑफ सेंट थॉमस हे प्रार्थनामंदिर आहे. दोनशे वर्षांहून अधिक जुन्या असलेल्या या चर्चची मंडळी दरवर्षी १३ फेब्रुवारीच्या सुमारास आपल्या पहिल्या धर्मगुरूची स्मृती उत्सवासारखी साजरी करते. अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चनेही आपल्या दिनदर्शिकेत हा दिवस त्यांच्या नावे राखून ठेवला आहे. ज्या माणसाला आयुष्याची पहिली ३८ वर्षे कायद्याने माणूसही न मानता मालमत्ता मानले, त्या अ‍ॅब्सलम जोन्स यांच्या वाट्याला हा मान आला. एपिस्कोपल चर्चचे ते पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू होत.

त्यांचा जन्म १७४६ च्या नोव्हेंबरमध्ये डेलावेअरच्या ससेक्स परगण्यात झाला. आई गुलाम, म्हणून मूलही गुलाम, असा तेथील कायदा होता. बायबलमधील दावीद राजाच्या पुत्राचे, मराठी बायबल ज्याला अबशालोम म्हणते त्याचे, नाव त्यांना मिळाले. आडनाव मात्र मिळाले नाही. गुलामाला ते कशाला हवे? लहानपणी त्यांना शेतातून काढून मालकाच्या घरात कामाला ठेवण्यात आले. पाहुण्यांकडून मिळणारी चिल्लर साठवून त्यांनी एक बाराखडीचे पुस्तक विकत घेतले आणि जो कोणी दोन अक्षरे सांगेल त्याच्याकडून ती शिकून घेतली. पुढे त्यांनी बायबलचा नवा करारही मिळवला. अक्षराची ही ओढ त्यांच्या पुढील आयुष्याची गुरुकिल्ली ठरली.

१७६२ मध्ये मालक बेंजामिन विनकूप यांनी शेती विकून फिलाडेल्फियाची वाट धरली. सोळा वर्षांच्या अ‍ॅब्सलमला त्यांनी बरोबर घेतले. त्याची आई, एक बहीण आणि पाच भाऊ मात्र विकले गेले. एका व्यवहारात संपूर्ण कुटुंब विखुरले. शहरात मालकाच्या दुकानात माल बांधणे आणि गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवणे हे काम त्यांच्याकडे आले. तेथील एका कारकुनाने त्यांना लिहायला शिकवले, आणि १७६६ मध्ये मालकाच्या परवानगीने ते रात्रशाळेत जाऊ लागले. गुलामगिरीला विरोध करणाऱ्या क्वेकर पंथीयांनी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाचा पाया त्या काळात या शहरात घातला होता.

१७७० मध्ये जोन्स यांचा विवाह मेरी नावाच्या तरुणीशी झाला. तीही शेजारच्या घरात गुलाम होती. आता पती-पत्नींपुढे एक कठोर हिशेब उभा राहिला. दोघांचे स्वातंत्र्य एकदम विकत घेणे शक्य नव्हते. आधी पतीला सोडवले, तर पुढे होणारी मुले आईच्या मालकाची मालमत्ता ठरणार होती. आधी पत्नीला सोडवले, तर मुले जन्मतःच मुक्त होणार होती. जोन्स यांनी स्वतः गुलाम राहून पत्नीला मुक्त करण्याचा निर्णय घेतला. क्वेकर परिचितांकडून त्यांनी कर्जे आणि देणग्या मिळवल्या. दिवसभर मालकाचे काम आणि त्यानंतर रात्री उशिरापर्यंत स्वतःच्या कमाईचे काम, अशी मेहनत करून त्यांनी १७७८ पर्यंत ते कर्ज फेडले. मग त्यांनी स्वतःच्या मुक्तीची मागणी पुढे केली. पैसे देण्याची तयारी असूनही मालकाने ती पुनःपुन्हा नाकारली. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा केला होता. पण त्याचा लाभ कायद्यानंतर जन्मणाऱ्या मुलांना होता, आधीपासून गुलाम असलेल्यांना नव्हता. अखेर १७८४ मध्ये विनकूप यांनी त्यांना मुक्तिपत्र दिले. त्यानंतरही जोन्स त्याच दुकानात काम करत राहिले. फरक एवढाच की आता त्या श्रमांना मजुरी होती.

या सुमारास सेंट जॉर्ज या मेथडिस्ट चर्चमध्ये त्यांची ओळख रिचर्ड अ‍ॅलन यांच्याशी झाली. अ‍ॅलन यांनीही श्रम करून आपले स्वातंत्र्य विकत घेतले होते. स्वभावाने दोघे भिन्न होते. अ‍ॅलन तडफदार, तर जोन्स सौम्य आणि समजुतीने चालणारे. परंतु ही जोडी आयुष्यभर टिकली. १७८७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी स्थापन केली. सभासदांनी दरमहा एक शिलिंग द्यायचा आणि त्या निधीतून आजारी, विधवा व अनाथ यांना आधार द्यायचा, असे तिचे स्वरूप होते. सरकारी मदतीची आशा नसलेल्या समाजाने आपल्याच खिशातून उभारलेली ही विमायोजना म्हणता येईल.

जोन्स आणि अ‍ॅलन यांच्या प्रवचनांमुळे सेंट जॉर्जमध्ये कृष्णवर्णीय उपासकांची संख्या वाढू लागली, आणि ती वाढ तेथील गोऱ्या विश्वस्तांना खुपू लागली. आधी त्यांना भिंतीलगतच्या जागा दिल्या गेल्या आणि नंतर नव्या सज्जात बसण्याचे फर्मान निघाले. ज्या सज्जाच्या बांधकामाला त्यांनीही पैसा आणि श्रम दिले होते, तोच आता त्यांना वेगळे बसवण्यासाठी वापरला जाणार होता. एका रविवारी प्रार्थना सुरू असताना, गुडघे टेकलेल्या जोन्स यांना एका विश्वस्ताने धरून उठवण्यास सुरुवात केली. प्रार्थना संपेपर्यंत थांबावे, एवढीच विनंती जोन्स यांनी केली. ती मानली गेली नाही. प्रार्थना संपताच सर्व कृष्णवर्णीय उपासक एकत्र उठले आणि चर्चबाहेर पडले. हा प्रसंग परंपरेने १७८७ चा मानला जात असे. सज्जाच्या बांधकामाच्या नोंदींवरून अनेक इतिहासकार तो १७९२ चा मानतात. वर्ष कोणतेही असो, देवापुढेही रांग लावणाऱ्या व्यवस्थेला दिलेले ते शांत, पण ठाम उत्तर होते.

स्वतंत्र चर्चची कल्पना सोसायटीत आधीपासूनच घोळत होती. डॉक्टर बेंजामिन रश यांच्यासारख्या, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी केलेल्या नामवंताचा तिला पाठिंबा होता. फिफ्थ स्ट्रीटवर जागा मिळाली आणि बांधकाम सुरू झाले. १७९३ च्या ऑगस्टमध्ये इमारतीवर छप्पर चढले, तेव्हा शहराबाहेर झाडांच्या सावलीत मेजवानी झाली. आधी गोरे पाहुणे जेवायला बसले आणि कृष्णवर्णीयांनी त्यांना वाढले. नंतर कृष्णवर्णीय कारागीर व मंडळी पंगतीला बसली आणि त्या गोऱ्या पाहुण्यांनी त्यांना वाढले. पंगतीचा अर्थ महाराष्ट्रातील वाचकाला वेगळा सांगायला नको. कोण कोणाला वाढतो, कोण कोणाबरोबर बसतो, यावर जेथे समाजाची उतरंड उभी असते, तेथे असा एक दिवसही मोठा असतो.

या आनंदाला काही दिवस लोटले नाहीत तोच शहरावर पिवळ्या तापाची साथ कोसळली. फिलाडेल्फिया तेव्हा देशाची राजधानी होती. सुमारे ५० हजारांच्या वस्तीतील ४ ते ५ हजार माणसे काही महिन्यांत दगावली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही, या चुकीच्या समजुतीतून डॉक्टर रश यांनी जोन्स व अ‍ॅलन यांना मदतीचे आवाहन केले. दोघांनी माणसे जमवली, घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा केली, प्रेते उचलली आणि पुरली. समजूत खोटी होती, हे लवकरच दिसले. शेकडो कृष्णवर्णीयही त्या तापाने मेले. तरी काम थांबले नाही.

साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने एका लोकप्रिय पुस्तिकेत कृष्णवर्णीय शुश्रूषकांवर अवाच्या सवा पैसे उकळल्याचा आणि चोऱ्या केल्याचा आरोप केला. जोन्स आणि अ‍ॅलन यांनी १७९४ च्या जानेवारीत त्याला छापील उत्तर दिले. किती पैसे मिळाले, शवपेट्या आणि मजुरांवर किती खर्च झाला आणि पदरचे किती गेले, याचा हिशेबच त्यांनी लोकांपुढे मांडला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांनी स्वामित्वहक्क नोंदवून प्रसिद्ध केलेल्या अगदी पहिल्या लेखनांत या पुस्तिकेची गणना होते. लहानपणी चिल्लर साठवून विकत घेतलेले बाराखडीचे पुस्तक येथे कामी आले.

१७ जुलै १७९४ रोजी नव्या चर्चचे दरवाजे उघडले. त्याने कोणत्या पंथाशी नाते जोडावे, हा प्रश्न होता. सेंट जॉर्जचा अनुभव ताजा असल्यामुळे बहुसंख्य सभासदांनी एपिस्कोपल चर्चची निवड केली. स्वातंत्र्ययुद्धानंतर अमेरिकेतील अँग्लिकन मंडळींनी इंग्लंडपासून वेगळे होऊन स्थापन केलेले हे चर्च; मुंबईच्या हॉर्निमन सर्कलजवळील सेंट थॉमस कॅथेड्रलची मूळ परंपरा ज्या कुळातील, त्याच कुळातील. अ‍ॅलन यांची मेथडिस्ट पंथावरील निष्ठा ढळली नाही. त्यांनी त्याच वर्षी बेथेल हे वेगळे चर्च उभारले. वाटा वेगळ्या झाल्या, मैत्री मात्र तुटली नाही.

एपिस्कोपल चर्चमध्ये जाताना मंडळीने तीन अटी घातल्या : संघटित मंडळी म्हणून आपला स्वीकार व्हावा, आपला कारभार आपल्याच हाती राहावा आणि जोन्स यांना उपासना चालवण्याची परवानगी देऊन पात्र ठरल्यास धर्मगुरूपदाची दीक्षा द्यावी. बिशप विल्यम व्हाइट यांच्या काळात त्या मान्य झाल्या. १७९५ मध्ये जोन्स यांना डीकन म्हणून दीक्षा मिळाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते पूर्ण धर्मगुरू झाले. पण या मान्यतेची किंमत होती. ग्रीक व लॅटिन भाषांच्या ज्ञानाची अट जोन्स यांच्यासाठी शिथिल करण्यात आली, आणि त्या बदल्यात सेंट थॉमसला धर्मप्रांताच्या अधिवेशनात मताचा अधिकार नाकारण्यात आला. स्वतःच्या घरात संपूर्ण सत्ता आणि मोठ्या घरात मुकेपण, असा हा सौदा होता. तो हक्क मिळण्यासाठी १८६० च्या दशकापर्यंत, म्हणजे जोन्स यांच्या मृत्यूनंतर चार दशकांहून अधिक काळ, वाट पाहावी लागली.

जोन्स यांनी मिळालेल्या अवकाशाचा पुरेपूर उपयोग केला. वर्षभरातच सभासदसंख्या चारशेच्या वर गेली. मुलांसाठी शाळा सुरू झाली, परस्पर साहाय्याच्या संस्था निघाल्या. बाप्तिस्मा, विवाह, अंत्यविधी यांच्या नोंदी चर्चच्या वहीत होऊ लागल्या. ज्यांची नावे आजवर मालकांच्या मालमत्तेच्या यादीत असत, त्यांच्यासाठी या वहीचे मोल वेगळेच होते. पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीचे आधारस्तंभ ठरलेले, जहाजांची शिडे बनवणारे उद्योजक जेम्स फोर्टेन याच मंडळीतील. जोन्स यांची ख्याती मोठे वक्ते म्हणून कमी आणि घरोघर जाऊन विचारपूस करणारे पाळक म्हणून अधिक होती.

मात्र सौम्य स्वभाव म्हणजे गप्प बसणे नव्हे. १७९३ च्या कायद्याने पळालेल्या गुलामांना पकडण्याची मुभा दिली होती आणि तिच्या आडून मुक्त कृष्णवर्णीयांचेही अपहरण होत असे. याविरुद्ध १७९९ च्या अखेरीस जोन्स आणि सत्तरच्या आसपास सहकाऱ्यांनी काँग्रेसकडे अर्ज केला. जानेवारी १८०० मध्ये प्रतिनिधिगृहात तो आला आणि ८५ विरुद्ध १ मतांनी झिडकारला गेला. मॅसॅच्युसेट्सचे जॉर्ज थॅचर हे एकटेच अर्जदारांच्या बाजूने उभे राहिले. आपल्या संसदेकडे दाद मागण्याचा हक्कही आपल्याला नाही, हे या निकालाने त्यांना सांगितले.

१ जानेवारी १८०८ हा दिवस मात्र आनंदाचा उजाडला. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर बंदी घालणारा कायदा त्या दिवशी अमेरिकेत अमलात आला. सेंट थॉमसमध्ये उपकारस्मरणाची खास उपासना झाली. जोन्स यांनी प्रवचनासाठी मिसरमधील इस्राएली लोकांच्या गुलामीची कथा घेतली. ज्या देवाने तेव्हा पीडितांचा आक्रोश ऐकला, त्यानेच आफ्रिकेच्या लेकरांचाही ऐकला, असा त्यांचा आशय होता. हा दिवस दरवर्षी पाळावा आणि आपल्या बांधवांनी काय सोसले ते मुलाबाळांना सांगत राहावे, असे आवाहन त्यांनी केले. देशात लक्षावधी गुलाम अद्याप बेड्यांत आहेत, याचे त्यांना विस्मरण नव्हते. आईपासून आणि सहा भावंडांपासून तोडला गेलेला माणूस त्या वेदीवरून बोलत होता. अपुऱ्या विजयाचाही उत्सव करावा, कारण त्यातूनच पुढच्या लढ्याची आठवण जागी राहते, हा त्या सोहळ्याचा अर्थ होता.

उतारवयातही ते स्वस्थ बसले नाहीत. १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याचा धोका निर्माण झाला, तेव्हा जोन्स, अ‍ॅलन आणि फोर्टेन यांनी शहराच्या संरक्षणासाठी तटबंदी उभारायला सुमारे अडीच हजार कृष्णवर्णीय जमवले. मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसवण्याची योजना पुढे आली, तेव्हा १८१७ मध्ये फिलाडेल्फियातील प्रचंड सभेने ती फेटाळली. त्या विरोधातही जोन्स होते. ज्या भूमीत आपला घाम जिरला ती आपलीच, ही त्यामागची भूमिका होती. १३ फेब्रुवारी १८१८ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

गुलामगिरी संपलेली पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. ती १८६५ मध्ये राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने संपली. त्यानंतर आठ वर्षांनी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. जोन्स यांचे नाव त्यात नाही. पण ज्या दीर्घ लढ्याला ती अर्पणपत्रिका वंदन करते, त्याच्या पहिल्या फळीत ते होते.

सेंट थॉमस चर्चने गेल्या दोन शतकांत अनेकदा जागा बदलली. जोन्स यांच्या अस्थीही एका दफनभूमीतून दुसरीकडे गेल्या. १९९१ मध्ये त्या बाहेर काढून त्यांचे दहन करण्यात आले आणि रक्षा चर्चमधील, त्यांचेच नाव असलेल्या वेदीत ठेवण्यात आली. एकेकाळी ज्यांना प्रार्थना करताना गुडघ्यांवरून उठवण्यात आले, त्यांच्या रक्षेसमोर आता मंडळी गुडघे टेकून प्रार्थना करते.