पुणं सोडून खान्देशात आलेला तरुण : साने गुरुजींना त्यांचं गाव कसं सापडलं?

यावल, फैजपूर, सावदा, रावेर. सातपुड्याच्या पायथ्याचा हा केळीचा पट्टा. इथल्या कुठल्याही घरात बारावी-ग्रॅज्युएशन झालेलं पोरगं असेल, तर घरात एकच चर्चा असते. पुढे कुठं? पुणं, नाशिक, मुंबई की सुरत? मग कोण कुठं राहतंय, रूमचं भाडं किती, मेस कशी, नोकरी लागेल का याची चौकशी होते आणि एक दिवस भुसावळवरून गाडी पकडली जाते.

पण साधारण शंभर वर्षांपूर्वी एक तरुण बरोबर उलट्या दिशेने आला होता. पुण्यात शिकलेला, मूळचा कोकणातला. खान्देशात त्याचं ना घर, ना शेत. तरी तो इथं आला, राहिला आणि इथलाच झाला. इतका की आज अनेकांना वाटतं, हा माणूस जन्मानेच खान्देशी असावा.

पांडुरंग सदाशिव साने. म्हणजेच आपले साने गुरुजी.

‘श्यामची आई’ आपण सगळ्यांनी वाचलंय किंवा निदान त्याच्या गोष्टी ऐकल्यात. त्यामुळे गुरुजी म्हटलं की आई आणि संस्कार एवढंच आठवतं. पण त्यांच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट आहे, जी आज गाव सोडणाऱ्या प्रत्येकाला जवळची वाटेल. आपलं गाव शोधण्याची गोष्ट.

घरचं गाव सुटलं ते गरिबीमुळे

२४ डिसेंबर १८९९. रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या पालगडला पांडुरंगचा जन्म झाला. घराणं खोताचं. म्हणजे एकेकाळी गावात मान, हातात पैसा. पण पांडुरंगला समज येईपर्यंत घराची पार पडझड झाली होती. कर्ज वाढलं आणि पुढे जप्तीपर्यंत वेळ आली. वडिलांचं नाव सदाशिवराव, आईचं यशोदाबाई. ‘श्यामची आई’मधली आई ती हीच.

शिकायचं तर गाव सोडणं भाग होतं. आधी त्याला पुण्याला मामाकडे पाठवलं. पण तिथं पोराचं मन रमलं नाही आणि तो परत आला. मग दापोलीच्या मिशन हायस्कूलमध्ये नाव घातलं. अभ्यासात हुशार, कविता पाठ, भाषेवर पकड. सगळं जमत होतं, फक्त पैसा नव्हता. फी भरणं घराला झेपेना.

इथं पांडुरंगने पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने गाव निवडलं. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची आणि जेवणाची सोय होते, असं त्याच्या कानावर आलं. बस्स, तेवढ्या माहितीवर तो निघाला. कोकणातल्या त्या पोराला औंधमध्ये ओळखीचं असं फारसं कुणी नव्हतं.

आज आपण शहर निवडताना जे बघतो तेच त्याने बघितलं होतं. शिक्षण मिळेल का आणि पोट भरेल का?

पण औंधमध्ये हाल झाले. अर्धपोटी दिवस काढले. त्यात प्लेगची साथ आली आणि तेही गाव सोडावं लागलं. मग पुन्हा पुणं. या वेळी नूतन मराठी विद्यालय. तिथून तो मॅट्रिक झाला. याच काळात, १९१७ मध्ये आई गेली. शेवटच्या क्षणी पांडुरंग तिच्याजवळ नव्हता. गाव सोडून शिकायला जाण्याची ही किंमत त्याने मोजली आणि ही सल त्याला जन्मभर राहिली.

पुढे पुण्यातच न्यू पूना कॉलेजात शिक्षण झालं. आज आपण त्याला एसपी कॉलेज म्हणतो. बीए झाल्यावर त्याने एमएसाठी तत्त्वज्ञान हा विषय घेतला.

आता विचार करा. १९२० च्या दशकातला पदवीधर. तोही पुण्यातला. घरी गरिबी. अशा माणसाने पुण्या-मुंबईत एखादी चांगली नोकरी धरली असती, तर त्याला कुणी नावं ठेवली नसती.

पण त्याने निवडलं अमळनेर.

अमळनेरच का?

बोरी नदीच्या काठावरचं हे गाव त्या काळी साधंसुधं नव्हतं. संत सखाराम महाराजांचं गाव म्हणून त्याला वारकऱ्यांमध्ये मान होता. कापसाचा भाग असल्याने इथं प्रताप मिल उभी राहिली होती. मिलचे मालक श्रीमंत प्रताप शेठ. या माणसाला पैशाइतकीच तत्त्वज्ञानाची ओढ. त्यांनी १९१६ मध्ये अमळनेरला चक्क तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था काढली. तत्त्वज्ञान मंदिर तिचं नाव. वेदान्ताचा अभ्यास करणाऱ्या तरुणांना तिथं राहून वाचन-चिंतन करता यावं, ही कल्पना.

तत्त्वज्ञान घेतलेल्या तरुणाला आणखी काय हवं? पांडुरंग साने १९२३ च्या सुमारास तिथं अभ्यासक म्हणून दाखल झाला. म्हणजे हे गाव त्याने विचार करून, आपल्या विषयासाठी निवडलं होतं. अगदी आज आपण कोर्स बघून शहर निवडतो तसं.

आणि तो अंदाज चुकला.

मंदिरातल्या चर्चेत, ग्रंथांच्या कीस काढण्यात त्याचं मन लागेना. बाहेर माणसं उन्हात राबतायत आणि आपण आत बसून ब्रह्म आणि मायेचा खल करतोय, हे त्याच्या स्वभावात बसणारं नव्हतं. ज्या कारणासाठी गाव निवडलं, तेच कारण संपलं होतं. अशा वेळी माणूस काय करतो? बॅग भरतो आणि पुढचं शहर शोधतो.

पण पांडुरंगने गाव सोडलं नाही. त्याच गावात दुसरं दार वाजवलं. अमळनेरलाच खान्देश एज्युकेशन सोसायटीची शाळा होती. तीच आजचं प्रताप हायस्कूल. १९२४ च्या जूनमध्ये पांडुरंग साने तिथं शिक्षक म्हणून रुजू झाला.

सर ते गुरुजी

शाळेत शिकवणं एक आणि वसतिगृह सांभाळणं दुसरं. साने सरांकडे छात्रालयाचीही जबाबदारी आली आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

छात्रालयात खेड्यापाड्यातली मुलं होती. घरापासून लांब आलेली. कुणाला आईची आठवण यायची, कुणी आजारी पडायचं, कुणाकडे पैसे नसायचे. आणि त्यांच्यासमोर उभा होता तो माणूस, ज्याने पुणं, दापोली, औंध असं सगळीकडे हेच भोगलं होतं. उपाशीपोटी झोपणं काय असतं आणि परक्या गावात एकटं पडणं काय असतं, हे त्याला कुठल्याही पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

त्यामुळे साने सरांनी नुसती शिस्त लावली नाही. मुलांच्या खोल्या झाडल्या, कपडे धुतले, आजारी मुलांच्या उशाशी रात्री जागून काढल्या. मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढलं. विचार करा, रोज लिहायचं आणि तेही स्वतःच्या हाताने. पुढे ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही सुरू केलं.

औंधला त्यांनी पाहिलं होतं की हे गाव मला काय देईल. अमळनेरला आपण इथं कुणाच्या कामाला येतो, ते कळलं आणि ते थांबले. पुढे सगळ्या महाराष्ट्राने ज्यांना गुरुजी म्हटलं, त्या गुरुजीपणाचा पाया या सहा वर्षांतला.

नोकरी सोडली, खान्देश नाही

१९३० मध्ये गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. गुरुजींनी शाळेचा राजीनामा दिला आणि चळवळीत उतरले. अटक झाली. धुळ्याचा तुरुंग, तिथून थेट तमिळनाडूत त्रिचनापल्लीचा तुरुंग. तिथं वेगवेगळ्या प्रांतांचे कैदी होते. गुरुजींनी दुसऱ्या भाषा शिकायला घेतल्या. भारतीय माणसाने एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, या त्यांच्या ‘आंतरभारती’च्या स्वप्नाचं मूळ तिथं आहे. पांडुरंगने निवडलेल्या गावांत तुरुंग कधीच नव्हता, पण तिथूनही गुरुजी काहीतरी घेऊनच बाहेर आले.

१९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथंच विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. आज ‘गीता प्रवचने’ म्हणून जे पुस्तक घराघरात आहे, ते या माणसाच्या हाताच्या वेगामुळे. आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. फेब्रुवारीतल्या अवघ्या पाच दिवसांत.

सुटल्यावर शाळेची नोकरी नव्हती. पण खान्देश होता.

आता येतं यावल तालुक्यातलं फैजपूर. तोपर्यंत काँग्रेसची अधिवेशनं मोठ्या शहरांत भरायची. ती खेड्यात व्हावीत, ही गांधीजींची इच्छा. डिसेंबर १९३६ मध्ये पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं ते फैजपूरला. अध्यक्ष पंडित नेहरू. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या तिथल्याच साहित्यातून अधिवेशनाची नगरी सजवली. धनाजी नाना चौधरींसारखे खान्देशातले कार्यकर्ते राबले. आणि गुरुजी? ते गावोगाव फिरत होते. लोकांना या म्हणून सांगत होते, स्वयंसेवक गोळा करत होते. कोकणातून आलेला माणूस यावल-रावेरच्या शेतकऱ्याला त्याच्याच दारात जाऊन साद घालत होता आणि शेतकरी ती ऐकत होता. परक्या गावाने एखाद्याला आपलं मानलं, याची आणखी कुठली पावती हवी?

पुढे १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक काढलं. अतिवृष्टीने पिकं गेली तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून ते लढले. गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. खरं तर गिरणीच्या गावात राहून हे करणं सोपं नव्हतं.

नवं गाव सगळं बरं करत नाही

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अमळनेरने गुरुजींना काम दिलं, माणसं दिली. पण त्यांच्या मनातली उदासी काही गेली नाही. ती पालगडपासून सोबत होती. पुढे पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. १५ ऑगस्ट १९४८ ला मुंबईत ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. पण गांधीजींच्या हत्येने ते आतून खचले होते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

शहर बदललं की पत्ता बदलतो. मनातलं ओझं आपल्यासोबतच प्रवास करतं आणि ते कुणाजवळ तरी उतरवावं लागतं. नव्या शहरात एकट्या पडलेल्या कुणाही पोरा-पोरीने गुरुजींच्या आयुष्यातून हेही लक्षात ठेवावं.

तत्त्वज्ञान मंदिर आजही अमळनेरला आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत याच गावात ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा येणारा प्रत्येक जण साने गुरुजींची कर्मभूमी म्हणूनच गावाचं नाव घेत होता. जन्माचं गाव मिळतं, ते निवडता येत नाही. कर्मभूमी मात्र निवडावी लागते आणि कधीकधी ज्या कारणासाठी निवडली, ते कारण संपल्यावरच ती खरी आपली होते.

त्यामुळे यावलहून पुण्याची गाडी पकडणार असाल, तर भाडं, मेस, नोकरी सगळं बघाच. आणि वर्षभराने ठरवलेलं गणित चुकलं असं वाटलं, तर बॅग भरण्याआधी त्याच शहरात दुसरं एखादं दार वाजवून बघा.