समर्थांच्या देशाटनाचा अर्थ

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील हा मुलूख काळ्या मातीचा आणि बहुतांशी सपाट. याच गावी शके १५३० च्या चैत्र शुद्ध नवमीस, म्हणजे १६०८ साली, सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायण हा मुलगा जन्मला. पुढे महाराष्ट्राने त्यांना समर्थ रामदास या नावाने ओळखले. दासबोधाचे व मनाच्या श्लोकांचे कर्ते, रामभक्त, मारुतीचे उपासक ही त्यांची ओळख घरोघरी आहे. परंतु सपाट प्रदेशात वाढलेल्या या पुरुषाने ऐन तारुण्याची बारा वर्षे पायी देशाटनात घालविली, हिमालयाची चढण चढली आणि उत्तरायुष्य सह्याद्रीच्या घळींत व गडांवर काढले, या गोष्टीचा भक्तिभावापलीकडे जाऊन विचार क्वचितच होतो. डोंगर चढणे, परका मुलूख समजून घेणे आणि लोकांच्या उपयोगी पडणे या तीन गोष्टी एका आयुष्यात कशा एकत्र येऊ शकतात, याचे हे याच जिल्ह्याच्या मातीतले उदाहरण होय.

समर्थचरित्राची साधने मुख्यतः सांप्रदायिक आहेत. शिष्यपरंपरेने रचलेल्या चरित्रांत चमत्कारांची रेलचेल आहे आणि प्रवासाची मितीवार नोंद हाती लागत नाही. तथापि चरित्राचा स्थूल आराखडा सर्वत्र सारखाच आढळतो. वडील लवकर वारले. थोरले बंधू गंगाधरपंत घर सांभाळीत. बाराव्या वर्षी लग्न ठरले. मंगलाष्टकांतील सावधान हा शब्द कानी पडताच नारायण बोहल्यावरून निघून गेला आणि नाशिकला पोहोचला, असे परंपरा सांगते. नाशिकजवळ टाकळी येथे, नंदिनी व गोदावरी यांच्या संगमाजवळ, त्याने पुढील बारा वर्षे काढली. पहाटे नदीच्या पात्रात उभे राहून जप, मध्यान्ही माधुकरी, उरलेल्या वेळी ग्रंथांचे वाचन व लेखन असा त्याचा दिनक्रम सांगितला जातो. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात त्याच्या हातची मानली जाणारी वाल्मीकी रामायणाची प्रत जतन केलेली आहे. सूर्यनमस्कारांनी कमावलेले शरीर आणि लेखनाने घडलेली बुद्धी एवढीच शिदोरी त्या तरुणाजवळ होती.

टाकळीचा हा काळ संपत आला असतानाच १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ दख्खन आणि गुजरात या प्रदेशांवर कोसळला. शाहजहानच्या दरबारी इतिहासकाराने आणि पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने त्याची वर्णने लिहून ठेवली आहेत. पाऊस नव्हता हे खरेच. परंतु त्याच काळात मोगल फौजा दख्खनमध्ये उतरल्या होत्या आणि त्यांनाही दाणावैरण लागत होती. आस्मानी आणि सुलतानी अशी दोन्ही संकटे एकाच वेळी रयतेवर आली. समर्थांच्या नावे असलेल्या अस्मानी सुलतानी व परचक्रनिरूपण या प्रकरणांत या काळाच्या विपन्नावस्थेचे प्रतिबिंब दिसते. अशा वेळी चोवीस वर्षांचे रामदास टाकळीहून बाहेर पडले. तीर्थयात्रा हे त्या प्रवासाचे प्रकट निमित्त होते. वाटेत मात्र त्यांना देवळांबरोबर ओस पडलेली गावेही पाहावी लागली असणार.

काशी, अयोध्या, मथुरा, हरद्वार, बदरीकेदार, जगन्नाथपुरी, रामेश्वर असा हा प्रवास सांगितला जातो. आज ही सर्व स्थळे एका देशात आहेत. सतराव्या शतकात तसे नव्हते. केदारखंडावर श्रीनगरच्या गढवाली राजांचा अंमल होता, रामेश्वराच्या बाजूस रामनाडच्या सेतुपतींचा, जगन्नाथपुरीचा मुलूख मोगलांचा, तर महाराष्ट्र निजामशाही व आदिलशाही यांत वाटलेला. राज्य बदलले की नाणे बदले, जकातीचे नाके लागे, भाषा, लिपी आणि ताटातले अन्न हेही बदले. मराठी माणसाच्या दृष्टीने तो परमुलूखच होता. त्यात केदारनाथ समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर. मोटाररस्ता नाही, नद्या ओलांडण्यास दोरांचे झुलते पूल, आणि वर्षातील निम्मा काळ वाट बर्फाखाली. गोदाकाठच्या उष्ण हवेत वाढलेल्या माणसाला ही चढण सोपी गेली असेल असे मानण्याचे कारण नाही.

डोंगर माणसाला एक गोष्ट निश्चित शिकवितो. सपाटीवर एकट्याने चालता येते. अनोळखी डोंगरात मात्र वाट स्थानिक माणसालाच विचारावी लागते. त्याच्याच ओसरीवर रात्र काढावी लागते आणि त्याच्याच घरचे अन्न खावे लागते. समर्थांजवळ द्रव्य नव्हते, सोबत लवाजमा नव्हता. भिक्षा हेच त्यांच्या प्रवासाचे साधन होते. भिक्षेकरी दररोज अनेक दारांशी उभा राहतो आणि कोणत्या घरी काय शिजते, कोणत्या घरी चूल पेटलेलीच नाही, हे त्याला कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा अगोदर कळते. पुढे दासबोधात भिक्षेवर त्यांनी स्वतंत्र समास लिहिला, तो या अनुभवातूनच आला असला पाहिजे. भिक्षेच्या निमित्ताने लोकस्थिती पाहावी ही त्यांची शिकवण एका अर्थी घरोघर फिरून केलेल्या पाहणीचीच पद्धत म्हणता येईल.

१६४४ च्या सुमारास ते परतले. पैठणहून जांबेस आले. चोवीस वर्षांनंतर मायलेकरांची भेट झाली. तोवर राणूबाईंची दृष्टी गेली होती. समर्थांच्या स्पर्शाने ती परत आली असे चरित्रकार सांगतात. ते मानणे न मानणे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर अवलंबून आहे. परंतु मुलाच्या देशाटनाची किंमत कोणीतरी घरी बसून चुकवीत होते, ही गोष्ट त्या कथेतून लपत नाही. आईची चोवीस वर्षांची वाट आणि गंगाधरपंतांचा संसाराचा भार या हिशेबात धरलाच पाहिजे. दरम्यान मुलूखही बदलला होता. १६३३ साली दौलताबाद पडले, १६३६ साली निजामशाही संपली आणि गोदावरीच्या खोऱ्यावर मोगलांचा अंमल बसला.

समर्थांनी जांबेत वास्तव्य केले नाही. ते कृष्णेच्या खोऱ्यात गेले. त्यामागील कारण त्यांनी कोठे नोंदविलेले नाही. परंतु भूगोल पाहिला तर तर्क करता येतो. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत राजसत्तेचा हात सैल पडत असे आणि नवे काम उभे करण्यास तेथे अवकाश होता. १६४५ साली शहापूर येथे मारुतीची स्थापना झाली. पुढील काही वर्षांत मसूर, चाफळ, उंब्रज, शिंगणवाडी, माजगाव, बहे, मनपाडळे, पारगाव आणि शिराळे मिळून आजच्या सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत अकरा मारुती उभे राहिले. १६४८ साली चाफळला राममंदिर झाले. वरंध घाटाच्या पायथ्याजवळील शिवथर घळीत दासबोधाच्या रचनेस आरंभ झाला, असे मानले जाते. वीस दशकांच्या व दोनशे समासांच्या या ग्रंथात अध्यात्माबरोबर अक्षर कसे काढावे, माणसे कशी ओळखावीत, समुदाय कसा बांधावा, हेही आहे.

येथेच त्यांच्या देशाटनाचे खरे फलित दिसते. पाहिलेल्या गोष्टीचे त्यांनी संस्थेत रूपांतर केले. प्रत्येक मठावर महंत नेमला, त्याला कामाचे स्वातंत्र्य दिले आणि खर्चाचा भार स्थानिक भिक्षेवर ठेवला. केंद्राकडून पैसा येण्याची वाट पाहावी लागत नसल्याने हे मठ राज्यांच्या उलथापालथीत टिकले. कल्याणस्वामी सीनाकाठी डोमगावास राहिले, उद्धवस्वामी टाकळीस. मिरजेचा मठ वेणाबाई या विधवा स्त्रीच्या स्वाधीन केला आणि तिला कीर्तन करण्याचा अधिकार दिला. समर्थांच्या मागे चाफळ व सज्जनगडाचा कारभार पाहण्यात अक्कास्वामींचा मोठा वाटा होता. सतराव्या शतकाच्या मानाने या गोष्टी सामान्य नव्हत्या.

दक्षिणेतील तंजावरला मठ झाला तो भीमस्वामींच्या रूपाने. तेथे केवळ मराठी नेऊन रुजविली असे घडले नाही. पिढ्यान्‌पिढ्या मराठी कीर्तन तमिळ श्रोत्यांपुढे होत राहिले. समर्थसंप्रदायातले मेरुस्वामी एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारी मान पावले. त्याच शतकात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाची मांडणी तमिळ हरिकथेत आणली. ओवी, साकी, दिंडी हे छंद तमिळ गायनात मिसळून गेले. देणारा आणि घेणारा यांतील भेद पुसला जाणे ही सांस्कृतिक परिचयाची खरी खूण होय.

समर्थांच्या विचाराला मर्यादा होत्या हेही सांगितले पाहिजे. समाजरचनेच्या वर्णाधिष्ठित चौकटीपलीकडे ते फारसे गेले नाहीत, आणि त्यावर पुढील काळात झालेली टीका निराधार नाही. शिवाजी महाराजांशी त्यांची भेट केव्हा झाली आणि तिचे स्वरूप काय होते, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. त्या वादाचा निकाल कसाही लागो. मठांचे हे जाळे आणि त्यामागची दृष्टी यांचे मोल त्यावर अवलंबून नाही. १६७६ पासून ते सज्जनगडावर राहिले आणि १६८२ च्या जानेवारीत, माघ वद्य नवमीस, तेथेच त्यांनी देह ठेवला.

विसाव्या शतकात एडमंड हिलरी यांनी १९५३ साली तेनसिंग यांच्यासह एव्हरेस्ट सर केले. ज्या शेर्पांच्या खांद्यांवर त्या मोहिमेचा भार होता, त्यांच्या मागणीवरून त्यांनी १९६१ साली खुमजुंगला शाळा आणि १९६६ साली खुंडे येथे रुग्णालय उभे केले. काळ, धर्म आणि प्रयोजन सर्वस्वी भिन्न असूनही दोघांच्या बाबतीत एक सूत्र समान आहे. ज्यांच्या मुलखात गेलो, ज्यांचे अन्न खाल्ले, त्यांचे ऋण मान्य केल्याखेरीज चढाई पुरी होत नाही.

आज जालना जिल्ह्यातील तरुणही बाहेर पडतात. कोणी शिक्षणासाठी परदेशी जातो, कोणी सुट्टीत गडकिल्ले आणि हिमालय चढतो, तर दुष्काळाच्या वर्षी कित्येकांना ऊसतोडीसाठी घर सोडावे लागते. यांतील पहिल्या दोघांना निवड करता येते, तिसऱ्याला नाही. ज्यांना ती करता येते त्यांच्यावर जबाबदारीही अधिक. शिखरावरचे छायाचित्र आणि परदेशचे प्रमाणपत्र यांनी घराची भिंत सजते. परक्या मुलखात पाण्याची, शाळेची, सहकाराची जी रीत पाहिली, तिच्यापैकी एखादी गोष्ट घनसावंगीच्या वा परतूरच्या एखाद्या गावात रुजली, तर त्या प्रवासाचे ऋण फिटू लागेल. बारा वर्षे चालून आलेल्या जांबेच्या त्या पुत्राने पाहिलेले पदरात बांधून ठेवले नाही. गावोगावी माणसे नेमून ते वाटून टाकले.