आधी गुडघे टेकले

संत चार्ल्स द फुको यांचा जन्म १८५८ साली फ्रान्समध्ये झाला. लहानपणीच आईवडील वारले, तरुणपणी श्रद्धाही हरवली. सैन्यातील अधिकारीपद सोडून चार्ल्स मोरोक्कोत फिरले. तेथील मुस्लिमांची भक्ती पाहून मन अस्वस्थ झाले. देव असेल तर त्याने ओळख द्यावी, एवढीच विनवणी ते चर्चमध्ये करू लागले.

१८८६ साली ते पॅरिसमध्ये फादर युव्हलँ यांच्याकडे धर्म समजून घ्यायला गेले. फादरांनी आधी गुडघे टेकून पापनिवेदन करायला सांगितले. अठ्ठावीस वर्षांच्या चार्ल्स यांनी लहान मुलासारखे ऐकले.

पुढे धर्मगुरू होऊन ते सहारा वाळवंटात गरिबांमध्ये राहिले. सोबतीला कायम टिकणारा अनुयायी मिळाला नाही, तरी भरवसा ढळला नाही. १९१६ साली त्यांची हत्या झाली. २०२२ साली ते संत घोषित झाले.

प्रिय भाविकांनो, आपल्याही मनात प्रश्न असतात. ते घेऊनच वेदीसमोर येऊ या.